तुडतुड्यांनी दिलेला धडा : शासकीय धोरणात स्वतंत्र वैज्ञानिक सल्ल्याचे स्थान

कोणते कीटकनाशक विक्रीस परवानगीयोग्य, कोणत्या निविष्ठेवर अनुदान द्यावयाचे, कोणत्या वाणाचा प्रसार करावयाचा, याविषयीचे निर्णय शासन घेते आणि त्यांचे परिणाम शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचतात. या निर्णयांमागे शास्त्रीय सल्ला असतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. तो सल्ला कोणी दिला, कोणत्या पुराव्यावर दिला आणि सल्ला देणाऱ्याचा त्या निर्णयात काही हितसंबंध होता काय, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. पीक संरक्षणाच्या इतिहासात या प्रश्नांचे महत्त्व स्पष्ट करणारे एक ठळक उदाहरण आहे. ते म्हणजे भातावरील तपकिरी तुडतुड्यांबाबत इंडोनेशियाने १९८६ मध्ये घेतलेला निर्णय. विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांच्या दृष्टीने हे उदाहरण मुद्दाम अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्या निर्णयाचा मूळ आधार शेतात बसून केलेली कीटकांची मोजणी हा होता.

स्वतंत्र सल्ला कशास म्हणावे?

स्वतंत्र सल्लागार म्हणजे शासनाबाहेरील व्यक्ती, असा अनेकांचा समज असतो. तो अपुरा आहे. शासकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ स्वतंत्र सल्ला देऊ शकतो आणि बाहेरील तज्ज्ञ हितसंबंधांनी बांधलेला असू शकतो. ज्याचे उत्पन्न, ज्याच्या विभागाचा निधी किंवा ज्याची प्रतिष्ठा प्रश्नाच्या ठरावीक उत्तरावर अवलंबून नाही, त्याने उपलब्ध पुराव्यावरून दिलेला सल्ला म्हणजे स्वतंत्र सल्ला होय. अशा सल्ल्यात तीन बाबी असाव्या लागतात. पुरावा इतरांना तपासता येईल अशा स्वरूपात मांडलेला असावा. निष्कर्षाच्या मर्यादा स्पष्ट सांगितलेल्या असाव्यात. निष्कर्ष शासनाला किंवा उद्योगाला गैरसोयीचा असला तरी तो बदललेला नसावा.

सल्ला आणि निर्णय यांतील फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. अन्नसुरक्षा, बाजारभाव, रोजगार, अंदाजपत्रक अशा अनेक गोष्टींचा मेळ घालून अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार शासनाचा आहे. अमुक कृती केल्यास शेतात काय घडेल, हे सांगणे शास्त्रज्ञाचे काम आहे. ही सीमारेषा पुसली गेली की दोन्ही बाजूंचे नुकसान होते. शास्त्रज्ञ राजकीय निर्णयाचे समर्थक ठरतात आणि शासन आपल्या निर्णयाची जबाबदारी शास्त्रावर ढकलते.

इंडोनेशियातील पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात इंडोनेशियाने भात उत्पादनवाढीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. अधिक उत्पादन देणारे वाण, सिंचन, रासायनिक खते, कर्जपुरवठा आणि कीटकनाशके यांचा एकत्रित संच शेतकऱ्यांना देण्यात आला. कीटकनाशकांच्या किमतीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भार शासन उचलत होते. शेतकऱ्याला औषध जवळजवळ नाममात्र किमतीत मिळे आणि कीड असो वा नसो, ठरावीक दिवसांनी फवारणी करावी अशी शिफारस केली जाई. त्या काळातील समजुतीनुसार ही शिफारस शास्त्रीयच मानली जात होती.

याच काळात तपकिरी तुडतुडे, म्हणजे निलापर्वता लुजेन्स, ही पूर्वी दुय्यम समजली जाणारी कीड प्रमुख शत्रू बनली. हे तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर राहून रस शोषतात. संख्या वाढली की भात गोलाकार चट्ट्यांत पिवळा पडून जळाल्यासारखा दिसतो. यालाच ‘हॉपर बर्न’ म्हणतात. शिवाय ही कीड भातावरील विषाणूजन्य रोगांचा प्रसारही करते. १९७६-७७ च्या सुमारास इंडोनेशियात या किडीने मोठे नुकसान केले. प्रतिकारक्षम म्हणून दिलेला आयआर २६ हा वाण काही हंगामांतच बळी पडला. त्यानंतर आयआर ३६ या वाणाने काही काळ दिलासा दिला. १९८४ मध्ये देश तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला आणि पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी रोम येथे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्यासपीठावर या यशाविषयी भाषण केले. पाठोपाठ, १९८५-८६ च्या हंगामांत जावा बेटावर तुडतुड्यांचा उद्रेक पुन्हा सुरू झाला. नुकतीच मिळवलेली स्वयंपूर्णता हातची जाते की काय, असा प्रश्न उभा राहिला.

फवारणीनंतर कीड वाढते कशी?

उद्रेक झाला की अधिक फवारणी करावी, हा सरळ वाटणारा उपाय होता. तथापि शेतातील मोजणी वेगळेच सांगत होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर केनमोर या कीटकशास्त्रज्ञाने फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या परिसरात याविषयी अभ्यास केला. अशा अभ्यासाची रीत साधी असते. शेजारशेजारच्या भाताच्या तुकड्यांपैकी काहींवर कीटकनाशक फवारावयाचे, काही तुकडे बिनफवारणीचे ठेवावयाचे आणि दोन्हींतील तुडतुडे व त्यांचे नैसर्गिक शत्रू हंगामभर मोजावयाचे. फवारलेल्या तुकड्यांत तुडतुड्यांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली आढळली, तर बिनफवारणीच्या तुकड्यांत ती नुकसानकारक पातळीखाली राहिली. यालाच किडीचा पुनरुद्रेक म्हणतात.

यामागील कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. तुडतुड्यांची मादी पानाच्या आवरणाच्या पेशींत अंडी घालते. तेथे फवारा पोहोचत नाही. फवारणीनंतर काही दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात.

२. याच फवारणीने लांडगा कोळी, मिरीड ढेकूण, भुंगेरे इत्यादी परभक्षी मरतात. कोळी पिल्ले व प्रौढ तुडतुडे खातात, तर मिरीड ढेकूण प्रामुख्याने अंडी शोषतो. बाहेर पडणाऱ्या नव्या पिल्लांना खाणारे कोणी शेतात उरत नाही.

३. परभक्षींची संख्या सावकाश पूर्ववत होते. तुडतुड्यांची पिढी मात्र सुमारे महिनाभरात पूर्ण होते आणि पंख असलेले प्रौढ वाऱ्याबरोबर नव्या शेतात येतात.

४. मिथाईल पॅराथिऑन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या काही कीटकनाशकांच्या कमी मात्रेमुळे मादीची अंडी घालण्याची क्षमता वाढते, असेही प्रयोगांत दिसून आले.

अशा स्थितीत फवारणी हाच उद्रेकाचा एक स्रोत ठरतो. प्रतिकारक्षम वाणांवरही याचा परिणाम होतो. परभक्षींचा दाब नाहीसा झाला की तुडतुड्यांची प्रचंड संख्या वाणावर तुटून पडते आणि त्याची प्रतिकारक्षमता मोडणारे तुडतुडे लवकर निवडले जातात. नव्या वाणाचे आयुष्य कमी होण्यामागे फवारणीचाही वाटा होता, ही बाब धोरणकर्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

सल्ला निर्णयापर्यंत कसा पोहोचला?

पुरावा उपलब्ध असणे आणि तो निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या यंत्रणेच्या कार्यक्रमात कीटकनाशकांचे वाटप हे यशाचे मोजमाप होते, त्याच यंत्रणेने वाटप थांबविण्याचा सल्ला द्यावा, अशी अपेक्षा करणे कठीण होते. वैयक्तिक प्रामाणिकपणाचा हा प्रश्न नव्हता. कार्यक्रमाची रचनाच अशी होती की तिच्या आतून विरुद्ध उत्तर बाहेर येणे अवघड होते.

या परिस्थितीत इडा न्योमान ओका यांच्यासारखे इंडोनेशियन कीटकशास्त्रज्ञ आणि अन्न व कृषी संघटनेच्या भातावरील एकात्मिक कीड व्यवस्थापन कार्यक्रमात काम करणारे केनमोर व त्यांचे सहकारी यांनी शेतातील पुरावा सातत्याने मांडला. राष्ट्रीय नियोजन संस्थेने, म्हणजे ‘बापेनास’ने, तो गांभीर्याने घेतला. या संस्थेकडे कीटकनाशक वाटपाचा कार्यक्रम नव्हता. तिला देशाच्या खर्चाचा व अन्नधान्य पुरवठ्याचा एकत्रित विचार करावयाचा होता. त्यामुळे प्रश्नाचे उत्तर कोणतेही आले तरी ते ऐकण्याची तिची तयारी होती.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. १९८६ मध्ये खनिज तेलाच्या किमती कोसळल्या आणि तेलाच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या इंडोनेशियाच्या तिजोरीवर ताण आला. कीटकनाशकांवरील अनुदान वर्षाला १० कोटी अमेरिकी डॉलरहून अधिक होते. अनुदान कमी करण्याची आर्थिक निकड आणि फवारणी कमी करण्याचा शास्त्रीय सल्ला एकाच वेळी समोर आले. केवळ शास्त्राच्या बळावर हा निर्णय झाला, असे म्हणता येणार नाही. मात्र संधी आली तेव्हा अनेक वर्षांच्या मोजणीचा पुरावा तयार होता, ही गोष्ट निर्णायक ठरली. पुरावा नसता तर केवळ पैसे वाचविण्यासाठी केलेली कपात शेतकऱ्याच्या विरोधातील निर्णय ठरली असती आणि ती टिकली नसती.

निर्णय आणि परिणाम

५ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्षांचा तिसऱ्या क्रमांकाचा निर्देश जारी झाला. त्यानुसार ५७ कीटकनाशक उत्पादनांचा भातावरील वापर बंद करण्यात आला. त्यांपैकी बहुतेक बहुव्यापी कीटकनाशके होती. एकात्मिक कीड व्यवस्थापन हे भातपिकासाठी राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारण्यात आले. शेतात जाऊन कीड मोजणाऱ्या निरीक्षकांची संख्या वाढविण्यात आली. परभक्षींना तुलनेने कमी बाधक असलेली बुप्रोफेझिनसारखी निवडक कीटकनाशके उपलब्ध ठेवण्यात आली. पुढील दोन-अडीच वर्षांत अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करून १९८९ च्या प्रारंभी ते पूर्णपणे बंद करण्यात आले.

फवारणी कमी झाल्यास उत्पादन कोसळेल, अशी भीती अनेकांना वाटत होती. ती खरी ठरली नाही. त्यानंतरच्या वर्षांत भातावरील कीटकनाशकांचा वापर मोठ्या प्रमाणात घटला आणि देशाचे भात उत्पादन वाढतच राहिले. १९८९ पासून शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे २५ शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्याला शेतात जाई, कीड व मित्रकीटक मोजी, निरीक्षणांचे चित्र काढी आणि फवारणी करावी की नाही हे स्वतः ठरवी. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे १० लाख शेतकरी या शाळांतून शिकले. आज भारतासह अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या शेतीशाळांचे मूळ या कार्यक्रमात आहे.

सल्ला एकदाच देऊन भागत नाही

या उदाहरणाचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. राष्ट्रीय कार्यक्रम १९९९ मध्ये संपला. प्रशासनाचे विकेंद्रीकरण झाले, निरीक्षण यंत्रणा विस्कळीत झाली आणि स्वस्त कीटकनाशकांची बाजारपेठ पुन्हा विस्तारली. २००९ ते २०११ या काळात जावावर तुडतुड्यांचे मोठे उद्रेक पुन्हा झाले. जुने ज्ञान नाहीसे झाले नव्हते. ते निर्णयापर्यंत नेणारी व्यवस्था कमकुवत झाली होती. यावरून असे दिसते की वैज्ञानिक सल्ला ही एखाद्या संकटकाळी बोलावण्याची गोष्ट नसून पाणलोटाच्या बांधांप्रमाणे दरवर्षी डागडुजी करून टिकवावयाची व्यवस्था आहे.

भारतातील व्यवस्था

भारतात कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार दोन स्वतंत्र रचना आहेत. केंद्रीय कीटकनाशक मंडळ केंद्र व राज्य शासनांना तांत्रिक बाबींवर सल्ला देते. नोंदणी समिती उत्पादनाची परिणामकारकता व सुरक्षितता तपासून नोंदणी करते. सल्ला देणे आणि परवानगी देणे ही कार्ये कायद्यानेच वेगळी केली आहेत, हे लक्षणीय आहे.

काळानुसार जुन्या निर्णयांचा फेरविचार करावा लागतो. अन्य देशांत बंदी किंवा निर्बंध असलेली, परंतु भारतात वापरात असलेली ६६ कीटकनाशके तपासण्यासाठी २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. समितीने २०१५ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यानंतर हरकती व सूचना मागवून ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवरील बंदीचा आदेश निघाला. त्यांपैकी १२ वर तत्काळ आणि फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसह ६ वर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी लागू झाली. तत्काळ बंदी आलेल्यांत मिथाईल पॅराथिऑनचा समावेश होता. समिती नेमल्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत सात वर्षे लोटली. सर्व संबंधितांचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यकच आहे. तथापि प्रत्येक टप्प्याची मुदत आधी जाहीर असेल, तर शेतकरी, विक्रेते व विस्तार यंत्रणा यांना पर्यायांची तयारी वेळेत करता येते.

सल्लागारांच्या स्वातंत्र्याविषयी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील तरतूद मार्गदर्शक आहे. या कायद्याच्या कलम १३ नुसार वैज्ञानिक समित्यांवर स्वतंत्र वैज्ञानिक तज्ज्ञ असावेत आणि उद्योग व ग्राहक यांच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी निमंत्रित करावे, असे ठरविले आहे. समित्यांवर उद्योगक्षेत्राशी संबंधित व्यक्ती असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने या तरतुदीनुसार समित्यांची पुनर्रचना करण्याचा निर्देश दिला. यातील तत्त्व सोपे आहे. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्या सर्वांचे ऐकावे, परंतु शास्त्रीय निष्कर्ष काढणाऱ्यांत त्यांना बसवू नये. गावच्या वादात दोन्ही बाजूंची साक्ष घेतली जाते, मात्र साक्षीदाराला पंच केले जात नाही.

विस्तार कार्यकर्ते व शेतकरी यांची भूमिका

राष्ट्रीय समित्यांपुढे येणारा पुरावा अखेर शेतातून येतो. महाराष्ट्रात २००८ च्या हंगामात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. निवडलेल्या गावांतील निरीक्षणे नियमितपणे संकलित करून कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ त्यांवर आधारित सल्ला देतात. अशा नोंदी जितक्या विश्वासार्ह, तितका वरचा सल्ला विश्वासार्ह ठरतो. यादृष्टीने पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

• शून्य हीही नोंद आहे. ज्या शेतात कीड आढळली नाही त्याची नोंद टाळल्यास संपूर्ण परिसर किडीने ग्रासल्याचे चुकीचे चित्र तयार होते.

• किडीबरोबर मित्रकीटकांचीही मोजणी करावी. धानाच्या शेतात तिरपे चालत किमान २० चुडांच्या बुंध्याशी हलकी थाप मारून पाण्यावर पडणारे तुडतुडे, कोळी व मिरीड ढेकूण वेगवेगळे मोजावेत. तुडतुडे आर्थिक नुकसान पातळीजवळ असले आणि कोळी पुरेसे असले, तर त्वरित फवारणी न करता दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहणी करावी.

• शक्य तेथे एक छोटा तुकडा बिनफवारणीचा ठेवावा. तुलनेसाठी असा तुकडा नसेल, तर उपाय लागू पडला की कीड आपोआप कमी झाली, हे सांगता येत नाही.

• फवारणीनंतर कीड वाढल्याचे आढळल्यास कीटकनाशकाचे नाव, मात्रा, दिनांक आणि पिकाची अवस्था यांसह ती बाब कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रास कळवावी. पुनरुद्रेक व प्रतिकारक्षमता यांची पहिली खूण बहुधा शेतातच दिसते.

• निरीक्षण आणि मत वेगळे लिहावे. ‘प्रति चूड १२ तुडतुडे’ हे निरीक्षण आहे, तर ‘परिस्थिती गंभीर’ हे मत आहे. वरिष्ठांना किंवा विक्रेत्याला काय आवडेल याचा विचार करून आकडा बदलू नये.

• कोणतीही शिफारस स्वीकारताना ती कोणी केली, कोणत्या चाचणीवर केली आणि उत्पादन विकण्यात त्याचा लाभ आहे काय, हे विचारावे. लाभ असणाऱ्याचे म्हणणे चुकीचेच असते असे नाही, मात्र ते दुसऱ्या स्रोताशी ताडून पाहणे हिताचे असते.

समारोप

शास्त्रज्ञांचे मतही अंतिम नसते. ठरावीक दिवसांनी फवारणी करण्याची शिफारस एकेकाळी शास्त्रीय म्हणूनच केली गेली होती आणि पुढे शास्त्रीय मोजणीनेच ती बाद ठरविली. स्वतंत्र सल्ल्याचे खरे मूल्य या स्वतःला दुरुस्त करण्याच्या क्षमतेत आहे. शासनाने तज्ज्ञांचा सल्ला मानलाच पाहिजे, असे बंधन नसले तरी तो खुलेपणाने मागवावा, प्रसिद्ध करावा आणि न मानल्यास त्याची कारणे सांगावीत, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी लागणारा पुरावा उभा करण्याचे काम मात्र राजधानीत होत नाही. ते धानाच्या बांदीत, गुडघाभर चिखलात उभे राहून, एकेका चुडाची नोंद घेणाऱ्या कार्यकर्त्याच्या आणि शेतकऱ्याच्या वहीतून होते. त्या वहीतील आकडा खरा असेल, तर त्यावर आधारलेले धोरणही खरे उतरण्याची शक्यता वाढते.